मोटरहोमचे टायर उन्हापासून कसे वाचवायचे: कव्हर निवडण्यापासून निघण्याच्या दिवसापर्यंत

मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, टायर बहुतेक वेळा झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. गाडी वर्षातले कित्येक महिने एकाच जागी थांबलेली असते. नक्षी नव्यासारखी खोल दिसते, म्हणून मालक निर्धास्त असतो. तोवर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा उमटायला लागलेल्या असतात. असा टायर पूर्ण भरलेल्या गाडीखाली, भर उन्हात, वेगात असताना फुटला तर काय होतं ते सांगायला नको. पुढच्या चाकाचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं.

टायरला कव्हर घालणं हे यातलं सर्वात सोपं आणि स्वस्त काम आहे. पण ते नीट कळून केलं तरच उपयोगी पडतं. चुकीचं कापड, ओला टायर किंवा कमी हवा असली तर कव्हर असूनही टायर वेळेआधीच जातो.

ऊन टायरचं नेमकं काय करतं

टायरच्या रबरात नैसर्गिक आणि कृत्रिम रबराचं मिश्रण असतं. त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावरच घाव घालतो. रेणू तुटत गेले की पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथे त्या आधी पडतात. उभ्या गाडीच्या टायरचा जमिनीलगतचा फुगलेला भाग हा असाच सतत ताणलेला भाग. कव्हर अर्ध्यावर लोंबकळत राहिलं आणि खालचा भाग उघडा राहिला, तर जिथे संरक्षण सर्वात जास्त हवं होतं तीच जागा सुटली म्हणून समजा.

टायर काळा असतो तो त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे. ही बारीक काजळी रबराला बळकटी देते आणि अतिनील किरण स्वतः शोषून घेते. पण शोषलेल्या किरणांची शेवटी उष्णताच होते. म्हणून उन्हातल्या टायरला हात लावला की चटका बसतो. उष्णतेमुळे रबराचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया, वेगाने होतं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा सावलीतला टायर आणि उन्हात तापणारा टायर यांचं वय कॅलेंडरवर सारखं असलं, तरी रबराच्या दृष्टीने ते सारखं नसतं.

आता यातली फारशी कुणी न सांगणारी गोष्ट. कारखान्यात रबरामध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे पातळ संरक्षक थर तयार करतात. गाडी चालताना टायर सतत दबतो आणि सुटतो, त्या हालचालीने ही द्रव्यं बाहेर येत राहतात. उभ्या गाडीत हा पुरवठा मंदावतो. म्हणजे मोटरहोमच्या टायरवर ऊन जास्त पडतं आणि त्याच्या अंगची ढालही पातळ असते. टायरवर कधी कधी तपकिरी झाक दिसते ती याच द्रव्यांची. ती दिसायला बरी नसली तरी दर वेळी घासून काढू नका.

कव्हर ऊन अडवतं आणि टायर थंड ठेवतं. ओझोन हवेतूनच येतो, त्यामुळे तो पूर्ण थांबत नाही. कमी हवेमुळे किंवा जास्त वजनामुळे धावताना जी उष्णता तयार होते, तिच्याशी तर कव्हरचा काहीच संबंध नाही. ते म्हातारपण लांबवतं, थांबवत नाही.

कव्हर घेण्याआधी टायरचं वय बघा

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्यातले शेवटचे चार अंक म्हणजे टायरची जन्मतारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. पूर्ण कोड बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आतल्या अंगाला असू शकते. तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली डोकवावं लागेल. मोबाइल आत धरून फोटो काढणं त्याहून सोपं.

अनेक टायर कंपन्या ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यायला सांगतात, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी १० वर्षांनी टायर बदलायला सांगतात. काही वाहन कंपन्या ६ वर्षांचीच मर्यादा घालतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते पाळा. मोटरहोमच्या बाबतीत मी नेहमी कडक बाजूनेच कौल देईन, कारण हे टायर वजनाच्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करत असतात.

साइडवॉलवर किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी नख अडकेल अशा भेगा असतील, कुठे फुगवटा असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर कव्हरचा विचार बाजूला ठेवून टायरवाल्याकडे जा. खराब टायर झाकला की तो फक्त नजरेआड होतो.

माप घ्या, अंदाज करू नका

कव्हर टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरतं, रिमच्या आकारावर नाही. व्यास साइडवॉलवरच्या आकड्यांवरून काढता येतो. समजा २२५/७५ आर १६ असं लिहिलं आहे. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १६९ मिलिमीटर ही साइडवॉलची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणजे ३३८. त्यात १६ इंचांच्या रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवा. व्यास झाला ७४४ मिलिमीटर, म्हणजे २९ इंचांहून थोडा जास्त. मोठ्या गाड्यांवर २७५/७० आर २२.५ असा टायर असेल, तर त्याच रीतीने उत्तर येतं ९५६ ते ९५७ मिलिमीटर, साधारण ३७.७ इंच.

हिशेब झाला तरी टेप लावाच. मडगार्ड किती खाली येतं, मागच्या जोडचाकांवर बाहेर आलेला हब किंवा चकचकीत व्हीलकव्हर आहे का, टायर आणि बॉडीच्या मध्ये हात जातो का, हे आकड्यांवरून कळत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना कव्हरची खोली वेगवेगळी लागू शकते. मागच्या जोडीतला आतला टायर बहुतेक वेळा सावलीतच असतो, बाहेरच्या टायरला मात्र पूर्ण झाकण हवं. स्पेअर टायर बाहेर टांगलेला असेल तर त्याचंही माप आत्ताच घ्या. मागे छोटी गाडी ओढून नेत असाल तर तिचे चार टायरही यात धरा.

पांढरं की काळं, जाळीचं की भरीव

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: पांढरं किंवा फिकट. काळं कव्हरही अतिनील किरण अडवतं, पण स्वतः तापतं आणि ती उष्णता आतल्या टायरकडे टाकतं. पांढरं ऊन परतवतं, त्यामुळे आतला टायर बाहेरच्या हवेच्या तापमानाच्या आसपास राहतो. पांढरं लवकर मळतं ही तक्रार खरी आहे, पण मळलेलं पांढरं कव्हरसुद्धा नव्या काळ्या कव्हरपेक्षा टायरसाठी चांगलं.

कापडाचे मुख्य प्रकार तीन. भरीव व्हिनाइलचं (रेक्झिनसारख्या प्लास्टिकच्या कापडाचं) कव्हर ऊन पूर्ण अडवतं आणि पाऊसही बाहेर ठेवतं. आतून मऊ अस्तर असलेलं मिळालं तर रंगाला आणि रिमला ओरखडे पडत नाहीत. चंदेरी ॲल्युमिनियमचा थर दिलेलं कापड परावर्तनात उत्तम, पण घड्या पडतात तिथे थर लवकर उडतो. शिवाय व्हॉल्ववर दाब मोजणारे सेन्सर लावले असतील, तर धातूच्या थरामुळे त्यांचा सिग्नल कमजोर होऊ शकतो. तिसरी जाळी. तिच्यातून हवा खेळते, ओल साचत नाही, ती घडी करून कोपऱ्यात बसते आणि वाऱ्यात कमी फडफडते. पण तिच्यातून थोडं ऊन आत जातंच.

मुक्काम दोन-चार दिवसांचा असेल तर जाळी पुरते. गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर उभी राहणार असेल तर भरीव पांढरं व्हिनाइलच घ्या. आणि घेताना एक साधी परीक्षा करा: कापड उन्हासमोर धरा. पलीकडून उजेडाचे ठिपके दिसले तर ते विणीने किंवा थराने पातळ आहे.

घरी शिवायचं असेल तर

जाड सुई घेऊ शकणारं शिवणयंत्र असेल तर हे अवघड काम नाही. नौकांच्या गाद्यांसाठी वापरतात ते व्हिनाइल यासाठी योग्य, कारण ते उन्हात टिकण्यासाठीच बनवलेलं असतं. वरच्या ७४४ मिलिमीटरच्या टायरचंच उदाहरण घेऊ. समोरच्या गोलाचा तयार व्यास टायरपेक्षा ५ सेंटिमीटर मोठा ठेवा, म्हणजे सुमारे ७९.५. शिवणीसाठी चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर धरलं तर कापायचा गोल साडेब्याऐंशी सेंटिमीटरचा होतो. टायरच्या वरून आत वळणारी पट्टी गोलाच्या परिघाच्या तीन चतुर्थांश लांबीची लागते, इथे जवळपास १८७ सेंटिमीटर. तिची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा ५ सेंटिमीटर जास्त ठेवा आणि दुमडीसाठी वेगळं कापड धरा. गोलाचा तळ जमिनीला समांतर सरळ कापा, जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर राहील असा. त्या फटीतून हवा जाते आणि फुगलेला भागही झाकलेला राहतो.

दोरा सुती वापरू नका. उन्हापावसात तो कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. अतिनील किरण सोसणारा पॉलिस्टरचा दोरा घ्या. टाका लांब ठेवा, कारण व्हिनाइलमध्ये सुईचं भोक कायमचं राहतं. जवळजवळ टाके घातले की तिथे कापड फाडण्यासाठी आखून दिल्यासारखी रेघ तयार होते. कडेला इलॅस्टिक घालायचा मोह होतो, पण इलॅस्टिक म्हणजेही रबर, तेही उन्हात सैल पडतं. टायरच्या मागून जाणारा बकलचा पट्टा जास्त वर्षं चालतो.

टायर आणि जागा तयार करा

टायर साध्या सौम्य साबणाने, मऊ ब्रशने आणि भरपूर पाण्याने धुवा. माती आणि तेलाचे डाग राहिले तर कव्हरच्या आत ते रबराला चिकटून बसतात. मग पूर्ण वाळू द्या, खाचांसकट.

चकाकी आणणारी द्रव्यं लावू नका. त्यात पेट्रोलियमजन्य पदार्थ किंवा अल्कोहोल असेल तर कारखान्यात घातलेली संरक्षक द्रव्यंच धुऊन निघतात आणि भेगा उलट लवकर पडतात. कव्हर असेल तर टायरला दुसऱ्या कुठल्या लेपाची गरज नाही.

हवा सकाळी, टायर गार असताना आणि त्यावर ऊन पडण्याआधी तपासा. १०० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचं एकक) आसपास हवा असलेल्या टायरचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं तर दाब साधारण ४ पीएसआयने वाढतो. दुपारी बघितलं तर उन्हाच्या बाजूचे टायर सावलीतल्या टायरपेक्षा जास्त दाब दाखवतात. ते बघून हवा कमी केली की रात्री तोच टायर कमी हवेवर उभा असतो. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नका. दीर्घ मुक्कामासाठी दाब पूर्ण ठेवा, पण टायर आणि रिम या दोन्हींवर दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

जागा निवडता येत असेल तर विचार करून निवडा. साइडवॉल उभी असते, म्हणून तिच्यावर डोक्यावरच्या दुपारच्या उन्हापेक्षा सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन जास्त सरळ पडतं. दुपारी मडगार्ड थोडी सावली देतं, संध्याकाळी अजिबात नाही. उत्तर गोलार्धात दक्षिण आणि पश्चिमेकडची बाजू सर्वात जास्त सोसते. कव्हर दोनच असतील तर आधी त्या बाजूला लावा. फिकट काँक्रीटवरून परतणारा प्रकाशही टायरवर येतो, डांबर खालून तापतं. टायरखाली फळी ठेवलीत तर ती टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापेक्षा सर्व बाजूंनी मोठी असू द्या. जोडचाकांपैकी एकच फळीवर आणि दुसरं अधांतरी असं झालं तर सगळा भार एकावर येतो.

गाडी जिथे ठेवाल तिथे जवळ वेल्डिंग, जनरेटर किंवा सतत चालणारी विजेची मोटर नको. ठिणग्या उडणाऱ्या उपकरणांमधून ओझोन तयार होतो, आणि त्याच्यापुढे कव्हर दुबळं आहे.

बसवण्याचा क्रम

१. नुकतीच गाडी चालवून आला असाल तर थांबा. ब्रेक आणि हब चांगलेच तापलेले असतात, व्हिनाइल त्यांना चिकटू शकतं. रिमवर हात आरामात ठेवता आला की पुढे जा.

२. चाकांना अडसर लावा आणि गाडी हलणार नाही याची खात्री करा. मागे हात घालायचा असल्याने हे आधी.

३. व्हॉल्वची टोपी घट्ट आहे का बघा.

४. कव्हर वरून सरकवा. आधी टायरच्या माथ्यावर मागची कड नेऊन बसवा, मग दोन्ही बाजू खाली ओढा. मडगार्ड आड येत असेल तर हुक लावलेली काठी वापरा.

५. मागचा पट्टा टायरच्या पाठीमागून घेऊन समोर अडकवा. पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा सेन्सरच्या तारेवरून जाता कामा नये, आणि त्यांना हुक तर मुळीच अडकवू नका. इथे घाई नको.

६. खालचा काठ जमिनीच्या किंचित वर, फुगलेला भाग पूर्ण झाकेल असा नीट करा.

७. वारा असेल त्या जागी खालच्या दुमडीत वाळूची बारीक पिशवी घाला. फडफडणारं कव्हर दिवसभर गाडीचा रंग घासत राहतं.

काम होतंय का, ते मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर कडक उन्हात एक टायर झाकून आणि त्याच बाजूचा दुसरा उघडा ठेवून तास-दोन तासांनी दोन्ही मोजा. कव्हर बाजूला करून थेट रबरावर मोजा. चंदेरी किंवा चकचकीत पृष्ठभागावर हे उपकरण चुकीचा, बहुधा बराच कमी आकडा दाखवतं. काळ्या रबरावर ते विश्वासार्ह आहे. झाकलेला टायर हवेच्या तापमानाच्या जवळ असायला हवा. दोन्ही टायर सारखेच तापलेले निघाले तर कव्हर गडद आहे, पातळ आहे किंवा टायरला चिकटून बसलंय. कापड आणि साइडवॉल यांच्यात थोडी हवा राहू द्या.

लांबच्या मुक्कामात

महिन्यातून एकदा कव्हर काढून आत बघा. भरीव कव्हरच्या आत ओल साचली असेल तर कोरड्या दिवशी काही तास उघडं ठेवा. गांधीलमाश्या, कोळी आणि उंदरांना ही आडोशाची जागा फार आवडते, म्हणून हात घालण्याआधी बाहेरून थापटा. हवा पुन्हा तपासा. कमी हवेत उभ्या टायरची साइडवॉल जास्त वाकते, ताण वाढतो आणि भेगांना आमंत्रण मिळतं.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, जड सामान उतरवा. शक्य असेल तेव्हा गाडी बाहेर काढून टायर नीट गरम होईपर्यंत चालवा. त्याने ती मेणं आणि ओझोनरोधक द्रव्यं पृष्ठभागावर येतात आणि टायरचा एकच भाग दबून सपाट होत नाही. ते जमत नसेल तर निदान चाक थोडं फिरेल इतकी गाडी पुढे-मागे करा. लेव्हलिंग जॅकवर (उभी गाडी समतल करणाऱ्या पायांवर) चाकं उचलून ठेवणं गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच. पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असेल आणि तीच उचललीत तर गाडी धरून ठेवणारं काही उरत नाही.

कव्हरचंही वय होतं. व्हिनाइल कडक होऊन घडीवर तडकायला लागलं, पृष्ठभागावरून पांढरी पूड हाताला लागू लागली किंवा उन्हासमोर धरल्यावर उजेड दिसला, की ते बदला.

निघण्याच्या दिवशी

कव्हर लावतानाच एक चमकदार पट्टी स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे कव्हरं काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही याची आठवण राहते. चाकात गुंडाळलेला पट्टा ब्रेकची नळी ओढून तोडू शकतो.

सगळी कव्हरं काढून मोजा, तेवढीच हातात आहेत ना बघा. मग प्रत्येक टायरभोवती हात फिरवत साइडवॉल तपासा, खाचांमध्ये अडकलेले खडे काढा, गार टायरची हवा प्रवासाच्या दाबावर आणा. जोडीतल्या आतल्या टायरलाही गेज लावा. बाहेरून तो ठीक दिसला तरी रिकामा असू शकतो. एखाद्याची हवा नेमलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलेली असेल आणि तशा स्थितीत तो चाललेला असेल, तर नुसती हवा भरून निघू नका. त्याच्या आतल्या धाग्यांना इजा झालेली असू शकते, म्हणून आधी टायर उतरवून आतून तपासून घ्या. कव्हरं कोरडी असतील तरच घडी करून ठेवा. ओली असतील तर पुढच्या थांब्यावर पसरून वाळवा.